खोललेली जावा: उक्ती की सुटी?

जुनी मोटारसायकल विकणं आणि खोललेली जुनी मोटारसायकल विकणं, ही दोन वेगळी कामं आहेत. उभ्या गाडीला किक मारता येते, आवाज ऐकता येतो, एक चक्कर मारून येता येतं. खोललेल्या गाडीत चेसिस भिंतीला टेकलेली असते, टाकी पलंगाखाली, इंजिन पोत्यात, नट-बोल्ट तेलाच्या डब्यात आणि हेडलाइटचं राहिलेलं काहीबाही माळ्यावर. या सगळ्याला मिळून एक आकडा लावायचा म्हटलं की एकाच घरात दोन तट पडतात.

कोल्हापुरात जावा-येझदीची ओढ असलेली माणसं अजून गल्लोगल्ली भेटतात. रुस्तम आणि फारूख इराणी यांनी मैसूरला उभ्या केलेल्या आयडियल जावा कारखान्यातून 1961 पासून या गाड्या बाहेर पडू लागल्या. सत्तरच्या दशकात टाकीवर येझदी हे नाव आलं आणि 1996 साली कारखाना बंद झाला. त्यातल्या किती गाड्या आज कुणाच्या तरी परसात अर्धवट खोलून पडल्या असतील, याचा हिशेब कुणाकडे नाही. पण जुन्या गाड्यांच्या नादातल्या कुणालाही विचारा, अशी एखादी गाडी त्याला माहीत असतेच.

खालचा संवाद एका मामाचा आणि भाचीचा. मामांनी शिवाजी उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलं. भाची पुण्याला एका कंपनीत कॉस्टिंग बघते. गाडी 1967 सालची जावा 250. ती मामांच्याच नावावर आहे. चेसिसवरचा, इंजिनवरचा आणि आरसी बुकातला नंबर जुळतो. गुडघ्यांमुळे मामांना आता खाली बसून काम होत नाही, म्हणून विकायची आहे. रुपयांचे आकडे हिशेबाची रीत कळावी एवढ्यासाठी धरले आहेत. त्यांना बाजारभाव समजू नये.

मामा: आधी माझं ऐक. गाडी घेतली चाळीस हजाराला. मग रिमा, टायर, स्पोक, सायलेन्सरचं क्रोम, टाकीचा पत्रा, पिस्टन किट, वायरिंग. बहात्तर हजार त्यात गेले. एक लाख बारा झाले. माझी मजुरी मी धरलेलीच नाही. एक लाख बाराला द्यायची, त्याच्या खाली नाही.

भाची: मामा, घेणारा तुमचा झालेला खर्च विकत घेत नाही. त्याला त्याचा पुढचा खर्च दिसतो.

मामा: म्हणजे मी घातलेले पैसे पाण्यात?

भाची: सगळे नाही. जी वस्तू त्याचा पुढचा खर्च वाचवते, तिचे पैसे तुम्हाला मिळतील. रिमा अजून कागदात गुंडाळलेल्या आहेत, त्या त्याच्या कामाच्या. टायरच्या कडेला चार आकडे बघा: 2216. म्हणजे 2016 सालच्या बाविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी नवी दिसते, पण रबर कडक झालंय. शहाणा माणूस ते घालून रस्त्यावर जाणार नाही, तेव्हा टायरचे शून्य. सायलेन्सरच्या क्रोमखाली गंजाच्या पुळ्या आल्यात, त्याचेही शून्य. पिस्टन किटचं अजून सांगता येत नाही.

मामा: का सांगता येत नाही?

भाची: ब्लॉकचं माप घेतल्याशिवाय ते किट त्यात बसणार का, हे तुम्हाला तरी ठाऊक आहे का?

मामा यावर गप्प राहिले. लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला हा प्रश्न बरोबर कळतो.

भाची: आता उलट्या बाजूनं मोजू. समजा अशी जावा नीट उभी राहून, चालू, कागदांसकट दोन लाखाला जाते. इथून तिथवर न्यायला काय लागेल? इंजिनाला तीस हजार, रंग-पत्र्याला वीस, क्रोमला अठरा, वायरिंग-दिवे-मीटरला बारा, रबर, केबली, पॅकिंग आणि नट-बोल्टला दहा. नव्वद झाले. जे पार्ट नाहीतच, त्यांचे पंधरा. दोन लाखातून एक लाख पाच गेले, राहिले पंच्याण्णव.

मामा: झालं की मग. पंच्याण्णव मागू.

भाची: थांबा. घेणाऱ्याला वर्षभर रविवार घालवायचे आहेत, त्याचे पंधरा तरी तो धरणार. आणि एक मोठी रक्कम आहे ती संशयाची. पोत्यात इंजिन आहे म्हणता, पण आत क्रँक कसा आहे? गिअर सगळे आहेत का? डब्यातले नट-बोल्ट ह्याच गाडीचे का? जे कळत नाही ते तो वाईट आहे असंच धरून चालणार. त्याचे पंचवीस. राहिले पंचावन्न.

मामा: पंचावन्न! मी ती चाळीसला घेतली तेव्हा ती चालत होती.

अशा व्यवहारातली सगळ्यात कठीण जागा हीच, असं मला वाटतं. ज्यानं गाडी खोलली, त्याच्या डोळ्यांपुढे ती अजून पूर्ण असते. कुठला बोल्ट कुठला, हे त्याला हातानं कळतं. समोरच्याला मात्र पोतं आणि डबे दिसतात. दोघंही खोटं बोलत नसतात, तरी आकड्यात दुपटीचा फरक पडतो. हा फरक घासाघीस करून मिटत नाही. विकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते घेणाऱ्यापुढे उघडं करूनच तो मिटवावा लागतो. भाचीनं मात्र आधी दुसरी वाट धरली.

भाची: म्हणून म्हणते, सुटी विका. लिहून काढलंय मी. इंजिन वीस, चाकं नव्या रिमांसह चौदा, टाकी नऊ, हेडलाइट मीटरसह आठ, मडगार्ड-डबे-चेनकव्हर मिळून आठ, पुढचे फोर्क सात, सायलेन्सरची जोडी पाच, सीट चार, कार्बोरेटर चार, किरकोळ पाच. चौऱ्याऐंशी हजार. त्यात चेसिस धरलेली नाही. उक्त्यात पंचावन्न आणि सुट्यात चौऱ्याऐंशी, मग विचार कसला करायचा?

मामा: यातलं काय आधी जाईल, सांग बघू?

भाची: इंजिन.

मामा: नाही. आधी जाईल चेनकव्हर. जावाची साखळी पूर्ण झाकलेली असते, दोन अर्ध्या पत्र्यांत आणि वर रबरी नळ्यांत. लोकांनी ते पत्रे काढून फेकून दिले, म्हणून आज प्रत्येकाला हवेत. मग जाईल हेडलाइट. मग कार्बोरेटर आणि त्यावरचं झाकण. मग टाकी. महिन्याभरात ही मलई संपते. मागं काय राहतं? जे सगळ्यांकडे आहे ते. मागचं मडगार्ड, फोर्क, वाकडा स्टँड, अर्धा डबा बोल्ट. पन्नासेक हजार तुझ्या हातात आले असतील, पण उरलेला माल आता कुणाचाच नाही. आज तो एका गाडीचा भाग आहे म्हणून त्याला किंमत आहे. उद्या तो किलोवर जाईल.

भाची: तरी पन्नास म्हणजे उक्त्याच्या जवळपास आलेच की.

मामा: तू कॉस्टिंगवाली ना? मग तुझ्या वेळेचा भाव कुठं धरलाय? एकेका वस्तूचा फोटो, पन्नास फोन, "लास्ट किती" विचारणारे, टाकीला खोकं, ट्रान्सपोर्टचं ऑफिस, आणि आठ दिवसांनी "बसत नाही, परत घ्या". इंजिन पार्सलनं पाठवून बघ एकदा.

भाचीनं तेव्हा कागदावर एक ओळ वाढवली आणि चौऱ्याऐंशीतून पंचवीस वजा केले. हिशेब दाखवला की ती ऐकते, हा तिचा गुण. पण सुटी विकण्याविरुद्धचं मामांचं खरं कारण पैशाचं नव्हतंच.

मामा: तुझ्या यादीत चेसिस नाही. तिचं काय करायचं?

भाची: भंगारात. आणि आरसी बुक राहील कपाटात, आठवण म्हणून.

मामा: ते कपाटात राहत नाही गं पोरी. सगळ्यात आधी गिऱ्हाईक त्यालाच येतं. "काका, गाडी नको, नुसतं बुक आणि चेसिस द्या. रोख देतो." तो कशाला मागतोय? त्याच्याकडे बिनकागदाची गाडी असते. कुठून आली ते तो सांगणार नाही. तुझा नंबर तिच्यावर चढवला की ती अंघोळ करून स्वच्छ. माझ्या लेथवरसुद्धा आलेत असले लोक, नंबर घासून दे म्हणून. दारातूनच परत पाठवले.

भाची: पण आपण विकून मोकळे झालो तर आपला काय संबंध?

मामा: नाव कुणाचं आहे बुकावर? उद्या त्या गाडीनं कुणाला उडवलं तर?

या मुद्द्यावर मी मामांच्या बाजूनं पूर्णपणे उभा आहे, आणि कायदाही त्याच बाजूचा आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली स्पष्ट केलं की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जाईल, गाडी मधल्या मध्ये कितीही हात बदलून गेली असली तरी. शिवाय गाडी कायमची निकामी झाली किंवा मोडून टाकली, तर मालकानं नोंदणी कार्यालयाला चौदा दिवसांच्या आत किंवा शक्य तितक्या लवकर कळवावं, असं मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 55 मध्ये आहे. मग नोंदणी रद्द होते. म्हणजे सुटी विकायची असेल तर बुक कपाटात ठेवायची मुभाच नाही. ते जमा करायचं आणि नोंदणी रद्द करून घ्यायची. नुसतं बुक आणि नंबर मागणाऱ्याला तर कितीही रकमेला नाहीच म्हणायचं.

भाची: बरं. कागदाचंच म्हणता तर कागदाला भाव आहे का? म्हणजे नंबर जुळतात याचे जास्त पैसे मागता येतील?

मामा: तेच तर. ही गाडी पन्नास वर्षांच्या वरची. केंद्र सरकारनं 2021 च्या जुलैमध्ये विंटेज गाड्यांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात राखलेली, चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठा फेरफार न केलेली. तशी असेल तर विंटेज म्हणून नोंदणी होते, दहा वर्षांची.

भाची: वाचलंय मी. नव्या नोंदणीला वीस हजार फी आणि पुढच्या वेळी पाच हजार. रोजच्या वापराला चालवायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला नेता येते.

मामा: फी किती का असेना. दार उघडं आहे की नाही, हे घेणारा बघतो. इंजिन एकीकडे आणि चेसिस एकीकडे गेली की ते दार दोन्हीकडून बंद. पुन्हा कुणी कितीही पैसे ओतले तरी हेच इंजिन ह्याच चेसिसवर यायचं नाही. म्हणून म्हणतो, फोडायची नाही.

भाची: आणि नंबर जुळत नसते तर?

मामा: मग मीच म्हटलो असतो, सुटी विक. दुसरंच इंजिन बसवलेली, बुक हरवलेली, मान कापून जोडलेली चेसिस, असल्या गाडीला एकत्र ठेवून काय करायचं? तिच्या पार्टांवर दुसऱ्या चार गाड्या उभ्या राहतील. नोंदणी रद्द करायची आणि खुशाल वाटून टाकायची.

सुटी की उक्ती, हे इथं ठरलं. पण भाव अजून पंचावन्नावरच अडला होता. तो वर न्यायचा तर भाचीनं धरलेले संशयाचे पंचवीस हजार कमी व्हायला हवेत, हे दोघांनाही दिसत होतं. ते कसे कमी करायचे, यावर मात्र पुन्हा जुंपली.

भाची: चेसिसला काळा रंग मारून घेऊ, दोन-तीन हजारांचं काम. टाकी बफ करू. फोटो चांगले येतील.

मामा: अजिबात नाही. रंग मारलेली चेसिस बघितली की मला पहिली शंका येते, खाली काय झाकलंय? मानेवरचा पंच केलेला नंबर त्याला जसाच्या तसा दिसला पाहिजे, अक्षराच्या खाचेतल्या जुन्या रंगासकट. त्यावर कागद धरून पेन्सिल फिरवायची आणि ठसा घ्यायचा. तो ठसा बुकाशेजारी ठेवून फोटो काढ. दोन हजारांच्या रंगापेक्षा तो फोटो जास्त पैसे आणेल.

भाची: इंजिनाचं काय? बंद करून, पुसून, उभं करून ठेवू?

मामा: उघडं ठेवायचं. ये इकडं.

मामांनी पोत्यातून क्रँक काढून लाकडी फळीवर ठेवला. कनेक्टिंग रॉड दोन बोटांत धरला आणि आधी डावीकडून उजवीकडे हलवून दाखवला. तो थोडा सरकला. "इतकं सरकायलाच पाहिजे." मग रॉड सर्वांत वरच्या टप्प्यावर आणून सरळ वर ओढला आणि खाली दाबला. आवाज नाही, धक्का नाही. "इथं टक् झालं असतं तर बिग एंड गेला. मग क्रँक प्रेसवर उघडायचा, नवा रॉड, पिन, बेअरिंग घालायचं आणि पुन्हा खरा करून घ्यायचा. तुझ्या तीसमधले बरेच पैसे त्यातच जातात." मग ब्लॉक. जावाचा मूळ बोअर पासष्ट मिलिमीटरचा. मामांनी बोअर गेज वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी उभा-आडवा लावला आणि सहाही मापं भाचीला लिहायला सांगितली. एकदा बोअर झालेला ब्लॉक आहे, अजून एकदा करायला जागा आहे, आणि घेऊन ठेवलेलं पिस्टन किट नेमकं पुढच्याच मापाचं निघालं.

भाची: म्हणजे किटचे पैसे आता धरता येतील.

मामा: आणि क्रँकचे वजा करायला नकोत. बघ, रॉड हलवून बघण्याचा व्हिडिओ काढ. जाणता असेल त्याला दुसरं काही सांगावं लागणार नाही.

भाची: मामा, एक मात्र माझं ऐका. उघडं इंजिन ठीक आहे. पण चेसिस भिंतीला टेकवून ठेवू नका. फोर्क, दोन्ही चाकं, मडगार्ड, टाकी, हेडलाइट असं सगळं तात्पुरतं जोडून उभं करू. ढकलता आलं पाहिजे.

मामा: वरवर जोडलेली गाडी म्हणजे फसवाफसवी. दोन बोल्टवर फोर्क लटकवायचा आणि गाडी उभी म्हणायची?

भाची: फसवणूक कशी? लिहूनच देऊ, तात्पुरती जोडली आहे म्हणून. जोडल्याशिवाय काय नाही हे तुम्हाला तरी कळणार आहे का? पोत्यात सगळंच असल्यासारखं वाटतं. शिवाय टेम्पोत दोघांनी ढकलून चढवता येईल अशी गाडी आणि सात पोती, यात माणूस कशाला हात घालेल?

दोन दिवस मामांनी मानलं नाही. मग एका संध्याकाळी त्यांनीच पाना उचलला. या बाबतीत भाचीचं बरोबर होतं, असं माझं मत आहे. जोडताना मागच्या चाकाचा एक्सल दुसऱ्याच गाडीचा निघाला. सीटचा बिजागराचा बोल्ट नव्हता, पायदानाचं एक रबर नव्हतं आणि गिअरचाच दांडा किक म्हणून आत दाबून फिरवायचा असतो, त्याची स्प्रिंग गायब होती. खोललेल्या गाडीत काय आहे हे सांगता येतं. काय नाही, हे जोडल्यावरच समजतं. ती उणी यादी त्यांनी विक्रीच्या कागदात सगळ्यात वर लिहिली. घेणाऱ्यानं शोधून काढलेली एक उणीव विकणाऱ्यानं स्वतः सांगितलेल्या दहा उणिवांपेक्षा महाग पडते. म्हणून त्या आधीच लिहून टाकण्यात विकणाऱ्याचा फायदा आहे.

बाकी पार्ट भाचीनं झिपच्या पिशव्यांत भरले आणि प्रत्येकीवर मामांनी सांगितलेलं नाव मार्करनं लिहिलं. ऑटोमॅटिक क्लचचे तुकडे मात्र मामांनी स्वतः वेगळे काढले. या जावात गिअरचा दांडा दाबला की क्लच आपोआप उचलतो. तो उचलणारे तुकडे क्लच कव्हरच्या आत असतात आणि नवख्याला ते फालतू वॉशर वाटतात. ते हरवले तर गाडी चालते, पण तिची ओळख असलेली एक गोष्ट कायमची जाते.

मग पुन्हा हिशेब झाला. पिस्टन किट आणि क्रँकमुळे इंजिनाचे तीस बावीसवर आले. संशयाचे पंचवीस भाचीनं दहावर आणले. पंचावन्नात आठ आणि पंधरा मिळाले, अठ्ठ्याहत्तर झाले. मामांच्या एक लाख बारापर्यंत आकडा गेला नाही, आणि जाणारही नव्हता. पण आता तो आकडा दोघांनाही तोंडानं सांगता येत होता.

भाची: पंच्याऐंशी सांगायचे, पंचाहत्तरच्या खाली यायचं नाही. आणि जाहिरातीत भाव लिहायचाच. "किंमत फोनवर" असं लिहिलं की रिकामटेकडे फोन करतात आणि गरजू माणूस करत नाही.

मामा: तो जास्तीचा ब्लॉक आणि दुसरा कार्बोरेटर आहे, तो पण देऊन टाकू.

भाची: आधी दाखवायचाच नाही. सौदा दोन-तीन हजारांवर अडला की तेव्हा काढायचा. पैसे कमी करण्यापेक्षा तो देणं स्वस्त पडतं. सौदा त्याच्याशिवायच जमला तर तो आपला, स्वतंत्र विकू.

मामा: आणि एक सांगतो. गल्लीतलं एखादं पोरगं आलं, खरोखर गाडी उभी करणार असेल, तर त्याला मी पाच हजार कमी करणार. पार्ट काढून विकणारा जास्त देत असला तरी त्याला देणार नाही.

भाची: तुमची गाडी, तुमचे पाच हजार. फक्त ते आज ठरवा. समोर कुणी गोड बोलला की मग ठरवू नका.

मामा: ठरवलं. पण तो उभी करणार हे ओळखायचं कसं?

भाची: तुम्हीच ओळखाल. जो आधी भाव विचारेल तो नाही. जो रॉड हलवून बघेल तो.

कागदांबाबत दोघांचं एकमत व्हायला वेळ लागला नाही, पण अडचण खरी होती. बुकातली नोंदणीची मुदत संपलेली. मुदत वाढवायची तर गाडी तपासणीला न्यावी लागते, आणि ही तर चालत नाही. अशा वेळी लोक कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून देतात आणि विसरून जातात. तसं करू नये. विक्रीचा करार करावा. त्यात चेसिस नंबर, इंजिन नंबर, गाडी खोललेल्या अवस्थेत दिल्याचा स्पष्ट उल्लेख, उणी यादी, तारीख आणि वेळ असावी. पैसे बँकेतून घ्यावेत. विसार घेतला तर त्याची मुदत लिहावी. ओळखपत्राच्या प्रतीवर ती कशासाठी दिली आहे ते आडवं लिहून सही करावी. गाडी राज्यातच विकली तर विकणाऱ्यानं चौदा दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं, त्यासाठी फॉर्म 29 आहे; घेणाऱ्यासाठी तीस दिवस आणि फॉर्म 30. दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म 28 वर ना हरकत. फॉर्म 29 दिल्याची पोच विकणाऱ्यानं जपून ठेवावी. नावबदल पुढे मुदतवाढीमुळे रेंगाळला, तरी आपण वेळेत कळवलं होतं हे दाखवायला तीच पोच उपयोगी पडते.

कुठं विकावी, यावर फार बोलण्यासारखं नाही. जावा-येझदीवाल्यांचे व्हॉट्सॲप गट जवळपास प्रत्येक मोठ्या गावात आहेत, आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिवसाला ही मंडळी एकत्र येतात. गाडी ओळखणारा माणूस तिथंच भेटतो. पुण्याच्या जुन्या बाजारात सुटे पार्ट विकायला हरकत नाही. संपूर्ण गाडीचा भाव तिथं मिळायचा नाही.

माझा निवाडा मी आधी थोडा सांगितलाच आहे. चेसिस, इंजिन आणि बुक जुळत असेल तर गाडी उक्तीच विकावी, चार पैसे कमी आले तरी. जुळत नसेल तर नोंदणी रद्द करून सुटी विकावी. आणि दोन्ही वेळी भाव भाचीच्या रीतीनं काढावा, उभ्या गाडीपासून उलटं मोजत.

तुमच्या घरी अशी गाडी असेल तर दोन कामं याच महिन्यात करा. आरसी बुक शोधून त्यातले नंबर चेसिसशी आणि इंजिनशी ताडून बघा. आणि गाडी ज्यानं खोलली तो मिस्त्री, वडील किंवा मामा हयात असेल, तर त्याला शेजारी बसवून प्रत्येक पार्टावर नाव लिहून घ्या.